जमनाफुईची खुर्ची

“जोरात. मागच्यांना ऐकू आलं पाहिजे.”

मी पुन्हा म्हणाले. माईकवर. “मी संधी सोडली, म्हणून मी मागे राहिले.”

“अजून एकदा.”

तीन वेळा म्हणायला लावलं त्या माणसाने. नऊ बाया प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेल्या, मी एकटी उभी. धाकटे शेठ मोबाईल आडवा धरून शूटिंग करत होते. माझ्या बरोब्बर समोरच्या खुर्चीवर जमनाफुई. मान खाली. जशी काही चोरी तिनेच केली होती.

आता माझा गुन्हा सांगते.

नंदुरबारच्या बाहेर मिरचीची पथारी आहे, म्हणजे ओली लाल मिरची वाळत घालायचं मोठं मैदान. मैदानाच्या कडेला पत्र्याचं शेड. तिथे आम्ही दहा बाया वाळलेल्या मिरचीचे देठ खुडतो आणि फटकी वेगळी काढतो. फटकी म्हणजे पांढरी पडलेली, रंग गेलेली मिरची. ती पोत्यात गेली की माल परत येतो. मी खांडबाऱ्याकडची. सकाळच्या गाडीने येते, संध्याकाळच्या गाडीने जाते. घरी मावची बोलते, शेडात अहिराणी ऐकते आणि शेठसमोर शाळेतली मराठी काढते. सहा वर्षं झाली.

धाकटे शेठ पुण्याला शिकून आले आणि त्यांना वाटलं, आमचा विकास करावा. नाशिकहून एक सर बोलावले. एक दिवसाचं शिबिर. भिंतीवर कापडी फलक लावला, ‘स्वतःला घडवा, काम घडवा’. छातीला नावाचे बिल्ले लावले. खुर्च्या भाड्याने आणल्या. खरं सांगते, सहा वर्षांत त्या शेडात माझं बूड पहिल्यांदा खुर्चीला लागलं. एरवी आम्ही गोणपाटावर बसतो.

जुना मुकादम डोळे गेल्यामुळे दिवाळीत घरी बसला होता. त्याची जागा रिकामी होती. आता तिला सुपरवायझर म्हणायचं, असं ठरलं होतं. शिबिरात जी चमकेल तिला ती जागा. काम मात्र मीच करत होते, तो असतानाही. कुठला ढीग उचलायचा, कुठल्याला अजून दोन उन्हं द्यायची, ते मी सांगायचे. मिरची कानाशी धरून हलवली आणि आतलं बी वाजलं की ती तयार. हे मला जमनाफुईने शिकवलं. ती माझी सख्खी फुई नाही, बापाची बहीण वगैरे काही नाही. आमच्याच गावची, आणि त्या वयाच्या बाईला आम्ही फुई म्हणतो, एवढंच.

ती जागा मला हवी होती. लपवायचं कशाला? पथारीचं काम होळीपर्यंत. मग आम्ही गुजरातेत उसाला जातो आणि मुलीची शाळा सुटते. चौथीत आहे. दरवर्षी परत आली की मागच्या बाकावर बसते, कारण मधलं सगळं शिकवून झालेलं असतं. सुपरवायझर बारमाही असतो. एवढ्यासाठी मी त्या दिवशी धुवून ठेवलेली साडी नेसून गेले होते.

सरांनी खेळ लावला. दहा बाया, नऊ खुर्च्या. गाणं थांबलं की बसायचं. मी पटकन बसले. पायात जोर आहे माझ्या. आणि पाहते तर फुई उभी. तिचा गुडघा सुजलेला, ती अर्ध्या वाटेतच होती. मी उठले. “फुई, बस.” यात विचार वगैरे काही नव्हता. म्हातारं माणूस उभं आहे आणि आपण पसरून बसलोय, असं आमच्याकडे होतच नाही. शिंक येते तसं झालं ते. फुईही सहज बसली.

सर हसले. मग सगळ्यांना हसायला सांगितल्यासारखं त्यांनी इकडे-तिकडे पाहिलं. बाया हसल्या.

“खुर्ची म्हणजे संधी,” ते म्हणाले. “तुम्हा डोंगरातल्या लोकांचं हेच होतं. हातात आलेलं धरून ठेवता येत नाही. म्हणून पिढ्यानपिढ्या जमिनीवर.”

मला जमिनीवर बसवलं कुणी, ते माझ्या जिभेवर आलं होतं. मी तोंडाची फटकळ, गावात माझ्याशी भांडायला कुणी येत नाही. पण समोर शेठ होते आणि डोक्यात ती जागा होती. मी गिळलं. माईक हातात आला आणि मी ते वाक्य म्हणाले. एकदा नाही, तीनदा.

इथपर्यंत अपमान त्यांनी केला. पुढचा मी केला.

तिसऱ्यांदा म्हणून झालं तेव्हा फुई गुडघ्यावर हात ठेवून उठली. तिने ती खुर्ची माझ्याकडे सरकवली. आमच्या बोलीत म्हणाली, “घे पोरी. तुझी आहे.”

मी बसले.

हो, बसले. फुई भिंतीला टेकून उभी राहिली, कारण खेळातून गेलेल्यांना बसायची मुभा नव्हती. गाणं लागलं. मी धावले. कोपर मारलं, ढकललं. शेवटच्या खुर्चीला मी आणि रेखा होतो. रेखा कोपर्लीकडची, माझ्याशेजारी बसून खुडणारी. तिचा पदर ओढून मी बसले. ती पडली. मी जिंकले.

“बघा,” सर म्हणाले, “दहा मिनिटांत माणूस बदलतो.” टाळ्या झाल्या. मला एक डायरी मिळाली.

रेखा साडी झटकत म्हणाली, “तुले येड लागनं का व?” मी डायरी पिशवीत कोंबली. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ शेडच्या ग्रुपवर आला. गाडीत मी तो आवाज बंद करून पाहिला. मी पाहत होते ते माझंच तोंड होतं, पण ओळखीचं वाटेना. रेखा पडते तेव्हा मी हसतेय. मागे भिंतीशी फुई. तिच्याकडे कुणीच पाहत नाही, मीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी खुर्च्या परत गेल्या. आम्ही पुन्हा गोणपाटावर.

आता आमची बसायची पद्धत सांगायला हवी, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. आमच्याकडे भातलावणीला सगळ्या बाया एकीच्या शेतात, मग दुसरीच्या, अशा पाळीने जातात. लावताना जी सगळ्यात हळू, ती मध्ये. तिच्या दोन्ही बाजूंच्या बाया तिच्या वाट्याची दोन-दोन रोपं लावत जातात. ओळ सरळ राहते आणि कुणी एकटं मागे पडत नाही. शेडात मी तेच लावलं होतं. फुई मध्ये, मी एका हाताला, रेखा दुसऱ्या. आमचं संपलं की हात तिच्या ढिगात. मोबदल्यात फुई काय करायची? आमच्या ढिगांवरून नजर फिरवायची. आम्ही भराभर खुडताना फटकी सुटून जाते. तिच्या हाताखालून एक जात नव्हती.

त्या सकाळी फुई मध्ये बसली नाही. गोणपाट उचलून दाराशी गेली, एकदम टोकाला, जिथे ऊन आणि धूळ दोन्ही तोंडावर येतं. दुपारी माझा ढीग संपला. मी सवयीने उठून तिच्या ढिगात हात घातला. तिने ढीग स्वतःकडे ओढून घेतला.

“राहू दे. तू खेळात आहेस.”

एवढंच म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, भांडण मला येतं. मिरचीने हात रोज जळतात, त्याचं काही वाटत नाही आता. त्या दिवशी मात्र मी मोरीत जाऊन रडले आणि मिरचीच्याच हाताने डोळे पुसले. मूर्खासारखी. मग तासभर डोळे उघडेनात. आणि त्या मिटलेल्या डोळ्यांनी मला नीट दिसलं की सरांनी मला काहीच शिकवलं नव्हतं. मला येत होतं तेच त्यांनी मला सोडायला लावलं होतं. आणि मी डायरी घेऊन खूश होते.

आठ दिवसांनी धाकट्या शेठनी बोलावलं.

“तुझं नाव पक्कं केलंय,” ते म्हणाले. “सरांनीही तुझंच सांगितलं. लीडर आहेस.” मग टेबलावरचा कागद माझ्याकडे सरकवला. “तीन बाया कमी करायच्यात. हळू कोण आहे ते तुला माहीत. नावं लिही. पहिलं तर सगळ्यांनाच माहितेय.”

पेन माझ्या हातात होतं. बारमाही काम. मुलीचं पहिलं बाक. सगळं त्या कागदावर होतं, फक्त तीन नावं लिहायची बाकी होती.

मी पेन ठेवलं. बाहेर गेले. शेडातून दोन सुपं आणली, एक माझ्या खुडलेल्या ढिगाचं, एक फुईच्या. दोन्ही त्यांच्या टेबलावर ओतली. ठसका लागला त्यांना.

“हे काय?”

“माझा हात शेडात सगळ्यात जोरात चालतो. माझ्यातली फटकी मोजा. मग फुईची मोजा.”

माझ्या सुपात सात निघाल्या. फुई दाराशी गेल्यापासून माझ्या ढिगावरून तिची नजर फिरत नव्हती ना. तिच्या सुपात एकही नव्हती.

ते खोकत म्हणाले, “भावनेवर धंदा चालत नाही.”

“ही भावना नाही शेठ. ही फटकी आहे.”

“नावं देणार की नाही?”

“नाही.”

“मग सुपरवायझर कशी होशील?”

“सहा वर्षं मी दुसरं काय करते?” आवाज चढला माझा. चढू दिला. “नावं काढायची तर अख्खी ओळ काढा. एकेक उचलायला आम्ही खुर्च्या नाही.”

ते म्हणाले, मोठे शेठ सोमवारी सुरतेहून येतील, ते बघतील. आणि मला जायला सांगितलं. माझ्या मागोमाग त्याच कागदासाठी रेखाला बोलावलं. तीही हात हलवत परत आली. मी काही विचारलं नाही. तीच म्हणाली, “मी बी नही दिनं. पन तू मन्हा पदर वढना, ते मी भुलाव नही.” मी म्हणाले, नको विसरू.

मग फुईकडे गेले. गुडघे टेकून बसले. “फुई, मी चुकले.” हे मला कुणी म्हणायला लावलं नव्हतं, तरी ते माईकपेक्षा जड गेलं. फुईने माझ्याकडे पाहिलं, हातातली मिरची कानाशी हलवली आणि टोपलीत टाकली. मध्ये यायला उठली नाही.

ठीक आहे. तिचा हक्क आहे.

आम्ही गोणपाटं उचलली. रेखाने, मी, बाकीच्यांनी. ओळ दाराकडे नेली, मग दाराबाहेर. पाच बाया फुईच्या अलीकडे शेडात, चार पलीकडे उन्हात. मी बाहेरच्यांत पहिली, रेखा आतल्यांत पहिली. फुई जागची हलली नाही, पण ती आता मध्येच आहे. दोन दिवस झाले, आम्ही अशाच बसतो. आज दुपारी मी तिच्या ढिगात हात घातला. तिने ढीग ओढला नाही, एवढंच. बोलत अजून नाही.

सोमवार परवा आहे. काम जाईल कदाचित. होळीआधीच उसाला जावं लागेल, मुलगी पुन्हा मागच्या बाकावर जाईल, हे मला कळतं. त्याची भीती वाटते, खोटं कशाला बोलू? तरी मोठ्या शेठसमोर मी उभी राहणार आहे. सुपरवायझरची जागा मागणार आहे, कारण ती माझी आहे. आणि तीन नावं देणार नाही. दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगणार आहे. या वेळी मला कुणी जोरात बोल म्हणून सांगायची गरज पडणार नाही.