पाठीनं थांबणारा डबा

बळीराम माझा शेजारी. छप्पन साली दीक्षेसाठी आईबापांसोबत कुहीकडून नागपूरला आला आणि पुढे इथलाच झाला. पाचपावलीत आमच्या भिंतीला भिंत लागून होती. तो आणि त्याची बायको गोपिका, दोघंही कापसाच्या गाठी बांधणाऱ्या एका प्रेसमध्ये कामाला होती. मी शाळेत सातवीला विज्ञान शिकवायचो, त्यामुळे त्याच्या लेखी मी बसून खाणारा माणूस.

प्रेसच्या आवारात रेल्वेचा एक फाटा होता. गाठींनी भरलेला मालगाडीचा डबा तिथं इंजिनाशिवाय, माणसांच्या जोरावर हलवत. सुरुवातीला दहा-बारा जण खांदे लावून रेटत, तरी डबा जागचा सहजी हलत नसे. एकदा हलला की मात्र दोघांनाही पुरे. पुढं रुळाला इतका बारीक उतार होता की सांडलेलं पाणीच तो दाखवी. तिथं गोपिका चाकाखाली लाकडाचा गुटका सरकवायची. गुटका रुळावर घासत जाई, डब्याचा वेग खाऊन टाकी.

आणि मग बळीरामचा खेळ. डबा मुंगीच्या पावलानं येत असताना हा रुळात उभा राही, पाठ टेकवी आणि डबा थांबे. मजूर ओरडून दाद देत. मुकादम गणपतराव तर पाहुण्यांना मुद्दाम हे दाखवायला आणत.

मला त्याचा राग यायचा. एकदा अंगणात चहा पिताना मी त्याला म्हटलं, "बळीरामजी, डबा गुटक्यानं थांबतो. तुमच्यापर्यंत येईस्तोवर त्याच्यात काही उरलेलंच नसतं. वेग दुप्पट झाला, तर तोच डबा थांबायला चौपट जागा खाईल. तुमच्या पाठीत तेवढी जागा आहे का?"

तो हसला. "मास्तर, तुमचं पुस्तक डब्याले समजते का जी?"

गोपिका हसली नाही. चुलीपाशी बसून ती माझ्याकडे बघत राहिली. त्या दिवसापासून तिच्या मनात भीती बसली, हे मला तिच्या चेहऱ्यावरून दिसे. रोज सकाळी दोघं कामाला निघाली की माझं लक्ष लागत नसे. वर्गात फळ्यावर बाण काढून बल शिकवताना मला बळीरामची पाठच दिसायची.

एकाहत्तरच्या हिवाळ्यात कापूस उदंड आला. गाठी आवारात रचायला जागा उरली नाही. गणपतराव घायकुतीला आले. त्यांनी दोन भरलेले डबे एकमेकांना जोडायला लावले आणि माणसंही दुप्पट लावली. जास्त माणसं म्हणजे जास्त ताबा, असा त्यांचा हिशेब. पण माणूस डब्याला ढकलू शकतो. पुढं निघालेल्या डब्याला नुसत्या हातांनी मागं ओढणार कसा?

गोपिका नवऱ्याला म्हणाली, "अवो, आज नका उभे राहू. डबे दोन आहेत, गुटका एकच."

"काहून भिऊन राहिली वं? रोज तर थांबवतो मी."

रेटा बसला. डबे हलले, मग चालू लागले. उतारावर पोचले तेव्हा रेटणाऱ्यांचे हात एकेक करून सुटले, कारण डबे त्यांच्या रेटत चालणाऱ्या पायांपेक्षा जोरात निघाले होते. विशेष आवाजही नव्हता. गोपिकानं गुटका सरकवला. चाक क्षणभर अडखळलं आणि लाकडाचा भुगा करून पुढं गेलं.

पुढं बळीराम सवयीप्रमाणे पाठ करून उभा होता. लोक ओरडले. त्याला वाटलं, रोजचीच दाद आहे. त्यानं पाय आणखी घट्ट रोवले.

गोपिका रुळाच्या कडेनं धावत सुटली. डबा थांबवायचं तिच्या डोक्यातही आलं नाही. डब्याला हलवायला बारा माणसं लागत. नवऱ्याला हलवायला ती एकटी पुरे होती. जवळ पोचताच तिनं वळून सगळा धावता जोर दोन्ही हातांत आणला आणि त्याला बाजूनं ढकललं. कॅरमचा स्ट्रायकर सोंगटीला नेमका बसला की सोंगटी उडते आणि स्ट्रायकर जागीच राहतो, तसं झालं. बळीराम रुळापलीकडे फेकला गेला. गोपिका अलीकडे, खडीत बसली. मधून डबे गेले.

हे सगळं तिनंच मला नंतर सांगितलं. डबे जाताना तिला पलीकडचं काहीच दिसत नव्हतं. पोलादी भिंत सरकत होती, संपत नव्हती. तो रुळातून पुरता बाहेर पडला की पाय आत राहिले, हे तिला कळेना. मग रूळ संपतो तिथल्या फलाटाच्या भिंतीवर डबे आदळले, आवार हादरलं आणि डबे दोघांच्या मधेच थांबले.

ती तशीच बसून राहिली.

पलीकडून बळीरामचा आवाज आला, चांगलाच चिडलेला. "समद्यांसमोर काहून ढकललं वं मले?"

तो आणखी बरंच बोलला, शिव्याही दिल्या. गोपिकानं डोळे मिटले आणि त्याला मनसोक्त रागावू दिलं.