मुका घट

पांढुर्ण्यातले लोक पावसाचा अंदाज मोबाईलवर पाहतात, पंडितजी पंचांगातून भविष्य सांगतात, पेपरात भाकीत छापून येतं. रामाकोना गावात मात्र बोल असतो. घटाचा बोल. आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आदल्या संध्याकाळी पाराजवळ मातीची चार ढेकळं मांडायची, त्यांना जेठ, आखाड, सावन, भादवा अशी नावं द्यायची आणि वर पाण्यानं भरलेला कोरा घट ठेवायचा. रात्रभर घट पाझरतो. सकाळी जे ढेकूळ जास्त ओलं, त्या महिन्यात पाऊस जास्त. ते पाहून सांगायचा मान गुणवंताच्या घराण्याचा.

मान म्हणजे वर्षातून एक सकाळ. एरवी गुणवंता साधा माणूस, संत्र्याच्या बागेत राबणारा, बायकोच्या धाकात असणारा. पण त्या सकाळी धुतलेलं धोतर नेसून तो पारावर उभा राहिला की सरपंचसुद्धा खाली बसतो. त्याच्या बापानं, यशवंतरावांनी, त्याला दोनच गोष्टी शिकवल्या होत्या. "होईन म्हणाचं नाही बाप्पा, दिसते म्हणाचं. होईन म्हणणारा एक त देव असते, नाही त लबाड." आणि दुसरी, घट कलंडला किंवा फुटला, तर 'घट मुका' एवढं सांगून घरी यायचं. त्या वर्षी कोणी काही विचारत नाही, ज्याचं तो ठरवतो.

यंदा घट कलंडला.

रिवाजाप्रमाणे गुणवंता उजाडायच्या आत एकटाच पाहायला गेला. घट आडवा पडलेला आणि एक कुत्रं सांडलेलं पाणी चाटत होतं. जेठाचं ढेकूळ पार चिखल झालेलं, बाकीची तिन्ही कोरडी ठणठणीत. दुसऱ्या कुठल्याही वर्षी तो 'मुका' म्हणून मोकळा झाला असता. पण त्या दिवशी पांढुर्ण्याहून मुकुंदराव गुरुजी येणार होते. त्यांची मुलगी चंचल गुणवंताच्या मुलासाठी, वैभवसाठी, सांगून आली होती आणि गुणवंतानंच मिशीला पीळ देऊन त्यांना निरोप धाडला होता, की आखाजीलाच या, आमचा मान पाहा. आता होणाऱ्या व्याह्यासमोर काय सांगायचं? कुत्रं पाडून गेलं म्हणून? त्यानं कुत्र्याला हाकललं, घट सरळ केला, हापशीवरून अर्धा भरून आणला आणि ढेकळांवर नीट बसवला. इकडेतिकडे पाहिलं. कोणी नव्हतं.

"जेठ भरला दिसते," उजाडल्यावर पारावर उभा राहून तो सगळ्यांपुढे म्हणाला. "मिरग वेळेच्या आधी दिसते."

"म्हणजे पाऊस लवकर होईल?" मुकुंदराव कौतुकानं म्हणाले.

गुणवंताची छाती फुगली. "होईनच!" तो म्हणाला. बापाची दोन्ही वाक्यं एका सकाळीच बुडवली पठ्ठ्यानं.

त्या बोलावर बऱ्याच जणांनी घाई केली, पण सगळ्यात जास्त मीनानं. मीना त्याच्या बांधाला बांध लागून असलेली शेतकरीण. नवरा विजय बोरगावच्या कारखान्यात कामाला, शेतीचं सगळं हिच्याच अंगावर. तिनं पावसाआधीच, कोरड्या मातीत, सारं वावर धूळपेरणीनं कपाशीची सरकी टोचून टाकलं. एक सर आली, पऱ्हाटीचे कोंब वर आले आणि मग आभाळ असं कोरडं झालं की कोंब जागच्या जागी करपले. दुबार पेरणी करावी लागली. लेकीच्या, मानसीच्या, नर्सिंग कॉलेजसाठी बाजूला ठेवलेलं सगळं त्यात गेलं. पोरगी नागपूरला जायची ती घरीच राहिली. एक वर्ष वाया.

गावात गुणवंताला कोणी बोल लावला नाही. "मिरगानं दगा देल्ला," असंच सगळे म्हणाले. आधी त्याला हायसं वाटलं. मग तो मीनाचं वावर टाळून लांबच्या पांदणीनं बागेत जाऊ लागला. वैभवचं लग्न जमलं, पेढे आले. त्यानं आपला पेढा तसाच ताटात ठेवला.

एका शुक्रवारी मीनाच त्याच्या दारात आली. हातात नारळ, मागे मानसी.

"उद्या जामसांवलीले जाऊन राहिले, गुणवंताभाऊ. हनुमानजीच्या पायावर घालतो. पण अजून काई करावं लागते का, ते तुमी सांगा. घटाचं तुमालेच मालूम."

"कायचं काई?"

मीना खाली पाहू लागली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "सांगाले लाज वाटते. आखाजीले मी बाजूले बसली होती. तरी बोल आयकाले आली. निंबाखाली, लांबच उभी होती, पण आली त होती. माह्या विटाळानं घटाचा बोल फिरला. साऱ्या गावाले भोगा लागलं."

कुत्र्यानं पाडलेला घट ही बाई तीन महिने आपल्या डोक्यावर वाहत होती. आणि अशा वेळी गुणवंताच्या तोंडून काय निघावं? "बरं. फोड नारळ," असं निघालं. स्वतःचंच तोंड थोबाडावं असं त्याला वाटलं.

मीना वळली. मानसी मात्र हलली नाही. "काका, पाळीचा न् पावसाचा काई संबंध नसते, हे मी तिले सांगू सांगू थकली. तुमचंच आयकते ते. तुमी सांगा न."

"मीना, थांब," गुणवंता म्हणाला. "घट मुकाच होता. कुत्र्यानं पाडला होता. म्या उचलून ठेवला. व्याही येणार होता म्हणून."

तो शिव्यांची वाट पाहत उभा राहिला. त्या आल्या असत्या तर बरं झालं असतं. मीनानं एवढंच विचारलं, "मंग माह्यानं नाही झालं?"

"नाही वं माय."

ती पायरीवर बसली आणि हमसून रडली. मग डोळे पुसून उठली. "हे माह्या एकटीपाशी नोको सांगू," ती म्हणाली. आजवरचं 'तुमी' तिनं तिथंच टाकलं. "पारावर बोलला होता न? पारावरच सांग."

त्याच संध्याकाळी साक्षगंधाची, साखरपुड्याची, तारीख काढायला मुकुंदराव आले होते. पारावर सुपारी फिरत होती. उद्या सांगावं, गुणवंताच्या मनात आलं. पाहुणे गेल्यावर सांगावं. तेवढ्यात त्याला निंबाखाली मीना दिसली. कोणाला शिवणार नाही अशी, लांब, आखाजीला उभी होती तिथंच.

तो उठला. त्यानं सगळं सांगितलं, घटाचं, कुत्र्याचं, हापशीचं. वैभव मान खाली घालून बसला. मुकुंदरावांच्या हातातली सुपारी हातातच राहिली.

म्हातारे रघुनाथराव सावरायला धावले. "जाऊ दे न गा. घट कई कई असा बोलते, आपल्याले समजत नाही."

"घट काई बोलला नाही, रघुनाथराव," गुणवंता म्हणाला. "मी बोललो. खोटं बोललो."

मीना निंबाखालून निघाली, पाराजवळ आली आणि बायकांमध्ये जागा करून बसली.