पाठमोरा फोटो

फोटो धुण्याच्या औषधाचा आंबूस वास आला की आंजर्ल्याची खाडी आठवते. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. नारळी पौर्णिमेला मी हौसेनं बॉक्स कॅमेरा घेऊन होड्यांची पूजा टिपत होतो. एका खलाशाची बायको त्याच्यावर ओरडली, "अवो, पाठ फिरवा! फोटूनं आयुष्य घटतंय." तो हसत वळला आणि मी खटका दाबला. पुढच्याच वादळात त्याची होडी बुडाली. प्रेतसुद्धा किनाऱ्याला लागलं नाही. मग ती माझ्या दारात आली. "दादा, तेंचा फोटू हाय ना?" मी दिला. त्या रापलेल्या पाठीकडे ती बराच वेळ बघत राहिली, आणि तोंड दिसेल म्हणून तिनं कागद हळूच उलटा केला. त्या कोऱ्या बाजूवरून फिरणारा तिचा अंगठा मला अजून दिसतो.