टेनेसीचा म्हातारा आणि एक वाक्य

टेबलावर मीठदाणी दिसली की तो ती उचलून डावीकडे ठेवायचा. "हे मेम्फिस, मॅम." मग माझी लोणच्याची बरणी उजवीकडे सरकायची, ते डोंगर. मध्ये चमचा आडवा, ती नदी. चहा येईपर्यंत मेलबर्नच्या क्रेगीबर्न भागातल्या आमच्या डायनिंग टेबलावर अख्खं टेनेसी पसरलेलं असे आणि बिस्किटांना जागा उरत नसे.

शेजारचा हा अमेरिकन म्हातारा माझ्याच वयाचा, म्हणून मी त्याला अहोजाहो करत नाही. बायको गेल्यावर मुलीच्या मागून मेलबर्नला आला. आपणही मुलांच्या मागूनच येतो, त्यात नवल नाही. त्याला वेड एकच, त्यांच्याकडचं यादवी युद्ध. "आमचं राज्य सगळ्यांत शेवटी फुटलं आणि सगळ्यांत आधी परत आलं," हे तो असं सांगायचा, जसं काही दोन्ही वेळा हाच दार उघडायला उभा होता.

तेव्हा मी इथे नवी होते. कुणीही इंग्रजी बोललं की मान डोलवून "व्हेरी नाइस" म्हणायचे. त्याने एकदा एका लढाईत किती माणसं पडली ते सांगितलं, त्यालाही माझं व्हेरी नाइस. वर मी इतिहासाची बी. ए.! या युद्धाची कारणं मथळे देऊन, लाल शाईने अधोरेखित करून लिहिली होती. टेनेसी नावाचं एक राज्य आहे, हे मात्र आजी झाल्यावर कळलं.

इंग्रजी कळायला लागल्यावर लक्षात आलं, की याच्या युद्धात नद्या होत्या, रेल्वे होती, लोखंडी बोटी होत्या. गुलाम नव्हते.

आता त्याचा जावई टेनेसीचाच, कृष्णवर्णीय. म्हणजे नात दोन्हीकडची. मुलीने त्याला बजावलं होतं, आपल्या घराण्याचं त्या युद्धात काय होतं ते तिला तुम्ही स्वतः सरळ सांगा, तोवर ती तुमच्याकडे राहायला येणार नाही. इकडे त्याने नातीसाठी खोली रंगवून ठेवली होती.

एका रविवारी माय-लेकी त्याच्याकडे जेवायला आल्या, मलाही बोलावलं. नातीने विचारलं, आपले लोक कुणाकडून लढले? याने मीठदाणी उचलली. डोंगरातले लोक युनियनच्या, म्हणजे उत्तरेच्या बाजूचे होते वगैरे सुरू झालं.

"पण आपले?"

"तिथेच येतोय, स्वीटहार्ट."

तो नदीपर्यंत पोचला आणि मुलीने गाडीच्या किल्ल्या उचलल्या.

त्यानंतर मी त्याचा पिच्छाच पुरवला. एक वाक्य, बाबा, एकच. "येतोय, मॅम, तिथेच येतोय." एकदा वैतागून मी समोरची बरणीच काढून घेतली. म्हटलं, डोंगर गेले, आता बोल. तर हा म्हणतो, डोंगराशिवाय काही समजणार नाही.

आणि एका सकाळी, कचऱ्याची बिन बाहेर ओढताना, तो थांबला. हात बिनच्या मुठीवर, नजर रस्त्यावर.

"आमच्या शेतावर विकत घेतलेली माणसं होती, आणि ती तशीच राहावीत म्हणून आमचे लोक लढले."

ना मेम्फिस, ना नदी. मी म्हटलं, अरे, मला कशाला सांगतोस? फोन कर तिला. "आज आर्व्होला करतो," म्हणाला. आर्व्हो म्हणजे इथली दुपार; त्या दुपारी याने गवत कापलं. दुसऱ्या दिवशी नातीची शाळा, तिसऱ्या दिवशी याची पाठ. त्याच आठवड्यात झोपेतच गेला.

घर आवरायला मुलगी आली. नात गाडीत बसून होती. मुलगी कुंपणाशी आली आणि तिने विचारलं, बाबा कधी बोलले का? खोटं बोलायची सोय नव्हती. म्हटलं, बोलला, पण माझ्याशी. मग तिने लेकीला हाक मारली आणि मला म्हणाली, "तिला सांगाल?"

म्हणजे पाहा, हेही काम मेल्याने माझ्याच गळ्यात टाकलं. इतकी चिडले होते, पण भांडायला तो कुठे होता?

पोर समोर येऊन उभी राहिली. मी त्याचं वाक्य त्याच्याच शब्दांत म्हटलं. कुठली कुठली मी, कोथरूडची, आणि "आमच्या शेतावर" म्हणत होते. पोर माझ्या तोंडाकडे असं बघत होती, जसं काही आजोबाच बोलतायत.

"अगेन," ती म्हणाली.