वडिलांनी कधी न घेतलेलं नाव

वडील राजूरला गुरांच्या दवाखान्यात नोकरीला आणि आम्ही इकडे सोनईला. शनिवारी संध्याकाळी ते एसटीने यायचे, सोमवारी पहाटे निघायचे. मधल्या वेळात त्यांच्या तोंडून दहाबारा शब्द निघाले तर निघाले. "जेवलीस?" "अभ्यास?" धाकट्या भावाला ते नावाने हाक मारायचे, मला मात्र नुसतं "ए". मी मुलगी म्हणून असेल, असं दहाव्या वर्षीच मी ठरवून टाकलं आणि पुढे पंचवीस वर्षं मनात धरून बसले.

निवृत्तीला वर्ष राहिलं असताना ते हार्ट अटॅकने गेले. महिन्याभराने त्यांची खोली रिकामी करायला मी टेम्पो घेऊन राजूरला गेले. सामान ते काय, एक खाट, स्टोव्ह, दोन बादल्या. घरमालकीण साठीपुढची, बोलकी. चहा हातात देऊन ती माझ्याकडे बघत राहिली आणि एकदम तिने माझं नाव घेतलं. चक्क भजनाच्या चालीत, गाऊन!

"तूच ना गं ती?"

"हो, पण असं गाऊन का म्हणताय, मावशी?"

"साहेब असंच म्हणायचे की! रोज सकाळी दाढी करताना. साधं म्हणाया गेले की पयल्याच अक्षराला अडायचे. चालीवर म्हटलं की सुटायचं. आमच्या भजनात त्यांचा आवाज लई खडा हुता."

"अडायचे म्हणजे?"

"आता गं बाई! तोतरे बोलायचे ना ते. तुला ठाव न्हाई? गुरांशी मातर घडाघडा बोलायचे. म्हणायचे, गाईला ऐकायची घाई न्हाई."

मी चहा खाली ठेवला. दुकानात नुसतं बोट दाखवून वस्तू मागणारे वडील आठवले. फोन वाजला की अंगणात निघून जाणारे, शाळेत आईला पुढे करणारे. अडणारी अक्षरं टाळून जेवढे शब्द उरत, तेवढ्यांतच ते घरी आमच्याशी बोलत होते. मला रडू आलं आणि रागही आला. एकदा गाऊन हाक मारली असती तर काय बिघडलं असतं!

घरी येताच आईला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"बायकोला माहीत नसेल? पोरं हसतील, सांगू नको, म्हणाले होते."

"मग माझं नाव नेमकं असलं का ठेवलंत?"

"तुझ्या आत्याने ठेवलं. 'दुसरं अक्षर मिळालं नाही का हिला,' म्हणून आठवडाभर धुसफुसत होते." आई हसायला लागली. "आमच्या लग्नातलं तर विचारूच नको. उखाणा घ्यायची वेळ आली आणि यांचं सगळंच अडलं. मग डोळे मिटले आणि उखाणा म्हटला भजनाच्या चालीवर. मांडवातल्या म्हाताऱ्यांना वाटलं, भजनच सुरू झालं. त्यांनी टाळ्यांचा ठेका धरला आणि शेवटची ओळ मागून म्हटली. अख्ख्या मांडवाने माझं नाव घेतलं!"

तिने ती ओळ म्हणून दाखवली. आवाज पार बेसूर. हसता हसता आम्ही दोघींनी एकमेकींचे हात घट्ट धरले आणि काय झालं म्हणून भाऊ आतून धावत आला.