सगळीच औषधं लागू

पुण्याच्या लॅबने पाठवलेले कच्चे आकडे मी वाचले, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचले. पाच औषधं. पाचांनीही जवळपास सगळ्या पेशी मारलेल्या.

समोर मुरुम गावचे शिवाप्पा बसले होते. दूध आणि खव्याचा त्यांचा धंदा. त्यांच्या थोरल्या बहिणीचा, महानंदाबाईंचा, अंडाशयाचा कॅन्सर केमोनंतर उलटला होता. आता कोणतं औषध द्यावं, हे ठरवायला मदत व्हावी म्हणून डॉक्टरांनी गाठीचा तुकडा तपासायला सांगितलं होतं. पुण्यात त्यातल्या जिवंत पेशी छोट्या खणांत ठेवतात, खणाखणात वेगळं औषध घालतात आणि किती मेल्या ते मोजतात. उमरग्यातल्या माझ्या लॅबचं काम फक्त नमुना नीट बांधून देण्याचं.

"म्हंजे कुठलंबी दिलं तरी चालतंय की," म्हणत शिवाप्पा बहिणीला फोन लावायला निघाले. मी थांबवलं. खाली 'कंट्रोल' अशी एक ओळ होती. त्या खणात औषध घालतच नाहीत, तो तुलनेसाठी. तिथल्या पेशीही मेलेल्या.

मला काही कळेना. औषधाविना मेल्या कशानं? पुण्याच्या लॅबमधल्या मॅडमना फोन केला. नमुनाच मेलेला आला, हा रिपोर्ट धरू नका, असं त्या म्हणाल्या. पेशी मारून टिकवणाऱ्या फॉर्मलिनमध्ये टाकलात का, असंही विचारलं. नव्हतं टाकलं. पेशी जगवणाऱ्या द्रवात मी स्वतः ठेवला होता, डब्यात बर्फाची पाकिटंही होती. तो डबा पुण्याला नेला होता शिवाप्पांनीच. वाटेत कुठं ठेवला होता, असं मी त्यांना विचारलं.

"बस चुकली न्हवं का. मग घरी नेला. खवा ठेवतो तसा डीप फ्रीजरात ठेवला. लई जपलं, सर."

गोठलं की पेशीत बर्फ होतो आणि ती फुटते, हे मी सांगितलं.

"मग आक्काला परत कापायचं?"

कापावं लागलं नाही. बाईंच्या पोटात पाणी साठत होतं, त्यातही गाठीच्या पेशी असतात. डॉक्टरांनी ते काढलं, मी स्वतः पुण्याला पोचवलं. या वेळी कंट्रोल जिवंत राहिला. पाचांतलं एकच औषध चाललं.

"मागल्या टायमाला पाची चालत होती," शिवाप्पा हळूच म्हणाले.

डॉक्टरांनी ते एक सुरू केलं. खणात मेलं ते शरीरात मरेलच असं नाही, हेही बजावलं. सध्या पोटात पाणी कमी भरतं. पुढचं कुणालाच ठाऊक नाही.

नमुना हातात देण्याआधी मी आता माणसाला त्याचा धंदा विचारतो.