मामाच्या चाळीतला मोडेम

लासूर स्टेशनला माझ्या मामाची कांद्याची चाळ आहे. बाजूंना बांबूच्या पट्ट्या, वर पत्रा आणि आत छातीएवढा ढीग. उन्हाळ्यात चाळ आतून तापली की कांद्याला सड लागते, आणि वास येईपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून मी मामाला एक डबा करून दिला होता. त्यात पत्त्यांच्या कॅटाएवढा कॉम्प्युटर, त्याच्यावर बसवलेला सिमकार्डाचा मोडेम आणि ढिगात खुपसलेले दोन सेन्सर. चाळीतली उष्णता वाढली की मामाच्या मोबाइलवर मेसेज जायचा. निदान जायला पाहिजे होता.

मी चिकलठाण्यात एका लहानशा कंपनीत कंट्रोल पॅनेल बनवायचं काम करते. तिथं माझ्या टेबलावर डबा आठवडाभर बिनतक्रार चालला. मामाकडं बसवला आणि मुका झाला. मी दोनदा जाऊन आले. सिम बदललं, सिमची कंपनी बदलली, सेटिंग पुन्हा भरलं. मोडेमचा दिवा लुकलुकायचा, नेटवर्क मिळायचं, आणि मेसेज पाठवायची वेळ आली की मोडेम गायब. लॅपटॉपवर बघावं तर जणू तो कधी लावलाच नव्हता. थोड्या वेळानं आपला आपणच परत यायचा.

दुसऱ्या खेपेला मी निघताना मामा हळूच म्हणाला, "पोरी, हापिसातल्या कुणाला तरी संगं आण की."

ते मला लागलं. लहानपणी मी मामाचा रेडिओ खोलून बसले होते तेव्हा मामी ओरडली, पण मामानं सगळ्या अडतीत सांगितलं होतं, "माझी भाची कायबी दुरुस्त करती." आता तोच मामा दुसऱ्या कुणाला तरी आण म्हणत होता.

कुणाला आणायचं म्हटलं तर कंपनीतल्या त्या एकीलाच आणावं लागणार होतं. ती माझ्यामागून नोकरीला लागली, माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची. शहागंजात वाढलेली, अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलायची, आणि काही अडलं की साहेब माझ्या टेबलावरून पुढं जाऊन तिच्याजवळ थांबायचे. मला ती आवडायची. आणि तिचा मला भयंकर राग यायचा. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

रविवारी सकाळच्या पॅसेंजरनं आम्ही गेलो. अंगणात पाय ठेवल्या ठेवल्या ती म्हणाली, "मामा, पहले चाय, फिर डब्बा."

मामा! मला वाटलं होतं, काका म्हणेल, फार तर साहेब म्हणेल. तो मामा माझा होता. पण माझा मामा असा काही खुलला की मामीला हाक मारून म्हणाला, "अगं, चहा टाक, पाहुणी आली." मीही तिथंच उभी होते.

चाळीत गेल्यावर तिनं काहीच केलं नाही. नुसती मांडी घालून बसली आणि डबा कसा जोडलाय ते बघत राहिली. मनातल्या मनात मी म्हणत होते, हिलाही जमू नये. देवाशपथ, मी हेच म्हणत होते.

"पॉवर कुठून येतीय?" तिनं विचारलं.

"पाण्याच्या मोटारीच्या खोलीतून. अडॅप्टर तिथं आहे. मी मोजलंय, बरोबर पाच व्होल्ट येतात."

"कुठं मोजलं?"

"अडॅप्टरपाशी."

मीटरच्या दोन्ही सुया तिनं थेट मोडेमच्या पिनांवर टेकवल्या आणि मला म्हणाली, "अब मेसेज भेज."

मी लॅपटॉपवरून पाठवला. मीटरवरचा आकडा धाडकन खाली आला, मोडेमचा दिवा विझला.

"देख. इथं रेंज कमी आहे ना, म्हणून पाठवताना मोडेम जास्त जोर लावतो. जोर लावला की करंट ओढतो. आणि मोटारीच्या खोलीपासून इथपर्यंत तुझी ही बारीक वायर. वाटेतच सगळं संपतं."

शहरात रेंज भरपूर, वायर हातभर, म्हणून माझ्या टेबलावर तो कधी अडला नव्हता. ऐकताक्षणी मला पटलं, आणि ते पटलं याचाच जास्त संताप आला. मी घाईघाईनं म्हणाले, "मग अँटेनापण पत्र्याखालून बाहेर काढायला पाहिजे. बाहेर रेंज मिळाली तर जोर लावावाच लागणार नाही."

"एकदम बरोबर," ती म्हणाली, अगदी मनापासून. तिच्या मनापासून म्हणण्याचाही मला राग आला.

मग आम्ही दोघींनी मिळून काम केलं. मोटारीच्या खोलीतून घरगुती वायरिंगची जाड वायर चाळीपर्यंत आणून अडॅप्टर डब्याच्या शेजारीच बसवला. मी शिडीवर चढून बांबूला अँटेना बांधली. मामा खाली शिडी धरून उभा होता, पण मान वळवून तिच्याशी बोलत होता. मेसेज गेला. मामाच्या खिशातला मोबाइल वाजला आणि त्यानं तो दोन्ही हातांत धरून तिच्यापुढं नेला.

"लई हुशार हाय ही पोरगी," तो मामीला म्हणाला. "आल्या आल्या रोग पकडला."

"अँटेनाचं हिनं सांगितलं, मामा," ती म्हणाली.

"व्हय व्हय," मामा म्हणाला, आणि तिलाच विचारायला लागला की असला डबा दुसऱ्या चाळीलाबी बसंल का.

मामीनं धपाटी केली होती. पहिलं गरम धपाटं तिच्या ताटात पडलं. निघताना निवडक कांद्याची पिशवी तिच्या हातात दिली आणि मला मामी म्हणाली, "तू काय, घरचीच हायस." परतीच्या गाडीत ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपून गेली. मी खिडकीतून बाहेर बघत, तिनं सांगितलेलं सगळं डोक्यात पुन्हा पुन्हा तपासत बसले. कुठंतरी चूक सापडावी म्हणून. सापडली नाही.

त्यानंतर मामाचा फोन आला की दोन वाक्यांत माझी खुशाली उरकायची. "ती काय म्हणती? तिला आण एकदा." पावसाळा सरता सरता तिला बेंगळुरूला नोकरी लागली. तिला निरोप देताना मी रडले, आणि त्याच संध्याकाळी घरी आल्यावर मला हलकंही वाटलं.

पुढच्या उन्हाळ्यात डबा परत बंद पडला. या वेळी मामानं मलाच बोलावलं. का, ते मला ठाऊक होतं. मी गेले, मीटर थेट मोडेमच्या पिनांवर लावला. व्होल्टेज ठीक होतं. वाऱ्यानं हलून हलून अँटेनाची वायर मोडेमच्या इवल्याशा सॉकेटातून निसटली होती. ती दाबून बसवली, वर चिकटपट्टी लावली. मेसेज गेला, मोबाइल वाजला.

मामानं मेसेज वाचला, खूश झाला आणि म्हणाला, "लाव फोन तिला. सांग, चालू झालं."

मी लावला आणि त्याच्या हातात दिला. तो चाळीबाहेर जाऊन, सावलीत बसून किती तरी वेळ बोलत होता, मोठमोठ्यानं हसत होता. मी डब्याचं झाकण लावून स्क्रू आवळले. माझा मोबाइल परत माझ्या हातात आला तेव्हा तिनं फोन ठेवलेला होता.

"काय म्हणाली?"

"मामी कशी हाय विचारलं. कांदा कसा हाय विचारलं. दिवाळीत येते म्हणली."

"आणि माझं?"

मामा जरा गोंधळला. "तुझं काय?" तो म्हणाला, आणि ढिगावरचा एक कांदा उचलून दाबून बघू लागला.